वायूचा जबाब

तो प्रसंग मी विसरलेलो नाही, आणि विसरेन असं वाटतही नाही. नोकरीत माझ्यापुढे चोर आले, दरोडेखोर आले, साळसूद चेहऱ्याचे भामटे तर पैशाला पासरी आले. त्यांच्याकडून खरं काढण्यासाठी कधी गोड बोललो, कधी आवाज चढवला. पण ज्याला रंग नाही, वास नाही, तोंड तर नाहीच, अशा एका वायूचा जबाब मी आयुष्यात एकदाच घेतला, आणि त्या जबाबानं एका निरपराध माणसाला कोठडीतून बाहेर काढलं.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. वसई तेव्हा ठाणे जिल्ह्यात होती. पूर्वेकडच्या एका पोलीस ठाण्याचा मी प्रभारी होतो. हद्दीत औद्योगिक गाळ्यांच्या रांगाच्या रांगा होत्या. कुठे बांगड्या, कुठे चपलांचे तळ, कुठे प्लॅस्टिकची खेळणी. एका दुपारी खेळणी रंगवणाऱ्या गाळ्याला आग लागली. आत थिनरचे डबे होते, त्यामुळे बंब येईपर्यंत गाळ्याचा कोळसा झाला. पॅकिंगचं काम करणारी एक बाई दोन्ही हातांना भाजून रुग्णालयात गेली.

मालकानं फिर्याद दिली ती थेट आपल्या कामगाराविरुद्ध. हा कामगार अर्नाळ्याच्या कोळीवाड्यातला तिशीचा तरुण, रंगाच्या फवाऱ्यावर काम करणारा. नारळी पौर्णिमेला मालकानं रजा नाकारली, तेव्हा त्यानं सगळ्यांच्या देखत ओरडून म्हटलं होतं, "आग लागो तुझ्या गाळ्याला!" ते ऐकणारे साक्षीदार हवे तितके मिळाले. त्यावर कडी म्हणजे भाजलेल्या बाईचा जबाब. तिनं रुग्णालयात सांगितलं, "त्यानं लाल सिलिंडर उचलून जाळावर धरला, आणि जाळ भडकन वाढला."

धमकी आहे, साक्ष आहे, आणखी काय हवं? भारतीय दंड विधान कलम ४३६ खाली आग लावल्याचा गुन्हा दाखल झाला, तरुणाला अटक झाली, न्यायालयानं पोलीस कोठडी दिली. बाईची तब्येत नाजूक होती. तिचं काही बरंवाईट झालं असतं तर या पोराच्या डोक्यावर खुनाचं कलम बसलं असतं. वरिष्ठ म्हणाले, "सरळ केस आहे, लवकर दोषारोपपत्र पाठवा."

तरुणाचं म्हणणं एकच. "मी विझवायलाच धावलो, सायेब. पिन काढली, दांडा दाबला, तर जाळ माज्याच अंगावर आला. त्या डब्यानंच जाळ वाढवला."

आग विझवायच्या सिलिंडरनं आग वाढली! माझा फौजदार तोंडावर हात ठेवून हसला. मीही मनात हसलो, पण त्या पोराकडे पाहिल्यावर हसू टिकलं नाही. त्याच्या भुवया जळल्या होत्या, छातीवरचा सदरा पुढून करपला होता. आग लावणारे मी पाहिले आहेत. ते काडी टाकतात आणि पाठ फिरवतात, भाजलेच तर पाठीला किंवा पायाला भाजतात. हा माणूस जाळाकडे तोंड करून बराच वेळ उभा राहिला होता.

त्याची आई रोज मासळीबाजार आटोपून, रिकामी पाटी घेऊन ठाण्याच्या बाकावर येऊन बसायची. ठाण्यात वास सुटतो म्हणून कुणी कुरकुर केली तर ती त्याच्याकडे असं बघायची की तो फाईल घेऊन आत पळायचा. एकदा मी तिला म्हणालो, "मावशी, तुमच्या पोरानं आग लागो असं म्हटलं होतं की नाही?"

"म्हनला ना! मीबी म्हनते. रोज धा जनांना म्हनते, समुद्रालाबी म्हनते," ती कमरेवर हात ठेवून म्हणाली. "पोरगा तोंडाचा फाटका हाय सायेब, हाताचा नाय. अन जाळायचं असतं तर इझवायचा डबा घेऊन कोन धावतो?"

त्या प्रश्नानं मला त्या दिवशी जेवू दिलं नाही.

मी पुन्हा घटनास्थळी गेलो. शेजारच्या गाळ्यांमध्ये आग विझवायचे सिलिंडर कोरे करकरीत लटकत होते. रखवालदार म्हणाला, "आगीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ठेकेदाराचा टेम्पो आला. सगळे जुने नेले, नवे लावले. पैसेही घेतले नाहीत." हे सिलिंडर भरून देण्याचा ठेका साऱ्या वसाहतीत एकाच माणसाकडे होता. आता, फुकट ते पौष्टिक असं लोक म्हणतात, पण पोलिसाला फुकटचं पचत नाही. अपघातानंतर न बोलावता येऊन जो फुकट सेवा देतो, त्याचं नाव मी डायरीत सगळ्यात वर लिहितो. त्या रांगेत त्याचा एकच जुना सिलिंडर मागे उरला होता, तो म्हणजे जळलेल्या गाळ्यातला, अर्धवट वापरलेला. तो आम्ही पंचनामा करून जप्त केला होता, म्हणून वाचला.

खबर आणली ती माझ्या हवालदारानं. हा मूळचा आगाशीचा, पोट सुटलेला, जिभेला हाड नसलेला, पण माणसं जोडण्यात एक नंबर. महामार्गावरच्या एका पंक्चरवाल्याला तो माझ्यापुढे घेऊन आला. तो बिचारा सारखा दाराकडे वळून बघत होता.

"साहेब, ठेकेदारांचा टेम्पो माझ्याकडे हवा भरायला यायचा," तो म्हणाला. "पण टायरमध्ये नाही. लाल सिलिंडर आणायचे, त्यात भरायचे. मी बोललो, हे काय? तर बोलले, टेस्टिंग आहे. मग त्यांनी स्वतःचाच कॉम्प्रेसर घेतला."

"हे कोर्टात सांगशील?"

"मेलो तरी नाही. माझी टपरी त्यांच्या जागेत आहे."

म्हणजे खबर पक्की, साक्षीदार कच्चा. मला सगळं दिसायला लागलं. आग विझवायच्या त्या सिलिंडरमध्ये कार्बन डायॉक्साइड असायला हवा. त्याच्या जागी साधी हवा भरली असेल, तर तरुणानं आगीवर फुंकणीच धरली होती! पोरगा खरं बोलत होता, आणि ती भाजलेली बाईसुद्धा खरंच बोलत होती. पण हे सिद्ध कोण करणार? सरकारी प्रयोगशाळेचा अहवाल यायला महिने लागायचे, आणि पुढच्या रिमांडला पोरगा तुरुंगात जाणार होता. मी न्यायालयात अर्ज करून जप्त सिलिंडरमधला थोडा वायू पंचांसमक्ष तपासण्याची परवानगी मिळवली. बाकीचा मोहोरबंद करून सरकारी प्रयोगशाळेसाठी ठेवायचा होता.

ठेकेदाराला चौकशीला बोलावलं. पांढरा सफारी, कपाळाला गंध, हातात बाटली. बाटलीत पाण्यासारखं काहीतरी. मी काही बोलायच्या आतच तो म्हणाला, "साहेब, तुमच्या मनात शंका आहे ना? ही चुन्याची निवळी. शाळेतली पोरं करतात तो प्रयोग. गॅस खरा असेल तर निवळी दुधासारखी होईल. करा, आत्ता करा, पंचांसमोर करा."

केला. सिलिंडरला रबरी नळी लावून निवळीत थोडा वायू सोडला, आणि निवळी पांढरीधोप झाली. फौजदारानं माझ्याकडे पाहिलं, मी भिंतीकडे. सिलिंडर पुन्हा मोहोरबंद झाला, आणि पंचनाम्यावर सही करून ठेकेदार हसत हसत बाहेर पडला. जाताना बाकावरच्या त्या माउलीला म्हणाला, "बाई, देवाची प्रार्थना करा आता." ती त्याच्या पाठीकडे बघत राहिली. मग तिनं माझ्याकडे बघितलं. मला तिची ती नजर सहन झाली नाही.

हवालदार चहा घेऊन आत आला आणि सहज बोलून गेला, "साहेब, आमच्या भावाचा तबेला आहे. पाणी घातलेलं दूधही पांढरंच दिसतं."

मी कप खाली ठेवला. आम्ही निवळीला काय विचारलं होतं? 'यात खरा गॅस आहे का?' तिनं सांगितलं, आहे. पण 'किती आहे?' हे आम्ही विचारलंच नव्हतं. दुधाला लॅक्टोमीटर असतो. हवेत काय बुडवायचं?

हा प्रश्न घेऊन मी वसईतल्या एका महाविद्यालयात गेलो. रसायनशास्त्राच्या विभागप्रमुख एक ख्रिस्ती बाई होत्या. ठेंगण्या, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला, आवाज मात्र परेडच्या मैदानावर शोभणारा. सगळे त्यांना टीचर म्हणत. मी सगळी हकिकत सांगितली. त्या ऐकत होत्या आणि हळूहळू त्यांचा चेहरा उजळत होता.

"इन्स्पेक्टर साहेब, तुम्हाला वायूचा रेणुभार काढायचा आहे," त्या म्हणाल्या. "सोपं आहे. मासळीची पाटी डोळ्यांपुढे आणा. पाटीत मोजून तेवढेच मासे भरायचे. बोंबील असले तर पाटी हलकी, सुरमई असली तर जड. खरं ना?"

"खरं."

"वायूंचं एक बरं असतं. भांडं एकच, तापमान तेच, दाब तोच असेल, तर कुठलाही वायू भरा, कणांची संख्या तितकीच असते. आदर्श वायूचं समीकरण दुसरं काय सांगतं? दाब, आकारमान आणि तापमान मोजा, म्हणजे आत किती कण आहेत ते कळतं. मग भांडं तोला. वजन कळलं, संख्या कळली, की एकेक मासा केवढा आहे ते कळलं! हवेचा रेणुभार एकोणतीस, कार्बन डायॉक्साइडचा चव्वेचाळीस. तुमच्या ठेकेदारानं काय भरलंय ते काटा सांगेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी मोहोरबंद सिलिंडर घेऊन आम्ही प्रयोगशाळेत पोहोचलो. सोबत दोन पंच. त्यातला एक आगाशीच्या बाजारातला किराणा दुकानदार होता. त्याचा जगातल्या कुठल्याच तराजूवर विश्वास नव्हता. काचेच्या पेटीतला तो नाजूक रासायनिक तराजू पाहून त्यानं आधी विचारलं, "टीचर, काटा शून्यावर आहे ना?"

"शाब्बास! हाच पहिला प्रश्न," टीचर म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून ओरडल्या, "फ्लास्कला हात लावू नका! तुमच्या बोटांचं तेलसुद्धा वजनात येतं." मी पोलीस निरीक्षक, पण शाळकरी पोरासारखे हात मागे घेतले.

काचेचा गोल फ्लास्क, त्याला तोटी. आत किती मावतं हे त्यांनी आधीच पाणी भरून मोजून ठेवलं होतं. पंपानं त्यातली हवा ओढून काढली, रिकामा फ्लास्क तोलला. मी म्हणालो, "आता सोडा सिलिंडरमधला गॅस."

"थांबा. आधी या खोलीतली हवा."

"हवा कशाला? ती हवाच आहे हे ठाऊक आहे की."

"म्हणूनच. ज्याचं उत्तर मला ठाऊक आहे ते आधी विचारायचं. माझं यंत्र खोटं बोलतंय का ते आधी कळायला नको?"

आम्ही चौकशीत हेच करतो. संशयिताला आधी गावाचं नाव, बापाचं नाव विचारतो. जो तिथंच गडबडतो त्याच्या पुढच्या उत्तरांचं वजन वेगळं धरावं लागतं. टीचर माझ्याच धंद्यातल्या निघाल्या.

ओलावा शोषणाऱ्या नळीतून हवा आत घेतली, फ्लास्क तोलला, तापमापक वाचला, भिंतीवरच्या वायुभारमापकावरून दाब घेतला, फळ्यावर गणित मांडलं. उत्तर आलं एकोणतीस. मग सोडा वॉटरच्या कारखान्यातून मागवलेल्या खऱ्या गॅसची पाळी. उत्तर चव्वेचाळीसच्या अगदी जवळ. यंत्र खरं बोलत होतं. दुकानदार पंच आता खुर्चीच्या कडेवर आला होता.

मग जप्त सिलिंडर. मोहोर फोडली, नळी जोडली, वायू फ्लास्कमध्ये आला. टीचरनी तोटी क्षणभर उघडून आतला दाब बाहेरच्या हवेइतका करून घेतला आणि फ्लास्क काट्यावर ठेवला. त्या फळ्याकडे गेल्या. खडू चालत होता आणि मला त्यातलं काही कळत नव्हतं. मी फक्त शेवटच्या ओळीची वाट पाहत होतो.

"साडेतीस," त्या म्हणाल्या.

त्यांनी पुन्हा सगळं पहिल्यापासून केलं. साडेतीस. तिसऱ्यांदाही तेच. मग खडू खाली ठेवून त्या म्हणाल्या, "शंभरात दहा भाग खरा गॅस, नव्वद भाग साधी हवा. निवळी पांढरी करायला तेवढा गॅस पुरतो. आग विझवायला नाही."

"अहो, मी मिरीत पपईच्या बिया घालणारे पाहिले," किराणा दुकानदार उद्गारला, "पण इतकी भेसळ!"

मला त्या क्षणी जो आनंद झाला तो मी लपवणार नाही. बढती मिळाली तेव्हाही इतका झाला नव्हता.

पण लढाई अर्धीच जिंकली होती. टीचरचा निष्कर्ष हा रस्ता होता, मुक्काम नव्हे. ठेकेदार म्हणाला असता, सिलिंडर वापरल्यावर बाहेरची हवा आत शिरली, किंवा पोलिसांनीच भरली. म्हणून मी त्याला निकाल न सांगताच बोलावलं. चहा मागवला आणि त्याच्या धंद्याची स्तुती सुरू केली. भेसळ करणाऱ्यांचा माझा अनुभव असा, की प्रामाणिक दुकानदार आपल्या मालाबद्दल फार बोलत नाही आणि भेसळवाला शुद्धतेची शपथ घेतल्याशिवाय पाणी पीत नाही. त्याला बोलू द्यावं. निवळीचा प्रयोग जिंकल्यामुळे हा तर हवेतच होता.

"तुमचा गॅस अगदी शुद्ध असतो म्हणे?" मी विचारलं.

"शंभर टक्के, साहेब. माझ्या देखरेखीखाली भरला जातो. बाहेरचा माणूस हात लावत नाही."

"पण वापरल्यावर बाहेरची हवा आत जात असेल?"

तो माझ्या अज्ञानाला हसला. "साहेब, आत दाब असतो. दांडा दाबला की गॅस बाहेर येतो. बाहेरची हवा आत जाईलच कशी?"

"बरोबर. आणि आमच्या ताब्यात असताना कुणी काही भरलं असेल तर?"

"कसं भरेल? तुमची मोहोर होती. निवळीच्या वेळी मी स्वतः बघितली, पंचनाम्यावर सही केली."

आपल्या सुटकेचं एकेक दार तो आपल्याच हातानं लावून घेत होता. फौजदारानं सगळं लिहून घेतलं. मग मी टीचरचा तो कागद त्याच्यापुढे सरकवला आणि हवेचे, खऱ्या गॅसचे आणि त्याच्या सिलिंडरचे आकडे वाचून दाखवले. तो हसला, मग त्याला हसू आवरावं लागलं, मग त्यानं चहाचा कप उचलून तसाच खाली ठेवला.

"सगळेच करतात, साहेब," तो शेवटी पुटपुटला.

"सगळ्यांचं नंतर बघू. तू कुठे करतोस ते दाखव."

पोलिसांपुढचा कबुलीजबाब न्यायालयात टिकत नाही, हे मला ठाऊक होतं. पण त्यानं दाखवलेली जागा आणि तिथं सापडलेला माल टिकतो. पंचांना घेऊन आम्ही नालासोपाऱ्यातल्या त्याच्या गोदामात गेलो. तिथं कॉम्प्रेसर, भरायला ठेवलेले लाल सिलिंडर, आणि कोपऱ्यात खऱ्या गॅसची एकच टाकी. प्रत्येकात निवळीपुरता खरा गॅस सोडायचा आणि वरून हवा ठोकायची, अशी पद्धत. वसाहतीतल्या सगळ्या गाळ्यांतून त्याचा माल तपासायला सुरुवात केली तेव्हा हवालदारानं हळूच आमच्या ठाण्याच्या भिंतीकडे बोट दाखवलं. तिथला सिलिंडरही त्याचाच होता, आणि त्यातही हवाच निघाली. फौजदार त्या दिवशी कुणालाच हसला नाही.

आगीचं मूळ कारणही मिळालं. पंख्याच्या मोटारीतून उडालेली ठिणगी, असा अग्निशमन अधिकारी आणि वीज निरीक्षक दोघांनीही निर्वाळा दिला. भाजलेली बाई सावरली होती. तिचा पुरवणी जबाब घेतला. जाळ आधी लागला की सिलिंडर आधी आला, हे पहिल्या वेळी आम्ही तिला विचारलंच नव्हतं. ती म्हणाली, "जाळ आधी. तो विझवायला आला." मी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १६९ खाली, याच्याविरुद्ध पुरावा नाही, असा अहवाल पाठवला आणि न्यायालयानं तरुणाला मोकळं केलं. ठेकेदार आरोपीच्या पिंजऱ्यात गेला. पुढे सरकारी प्रयोगशाळेचा अहवालही टीचरच्या आकड्याला धरूनच आला, आणि त्याला शिक्षा झाली.

सुटकेच्या दिवशी न्यायालयाच्या आवारात त्या माउलीनं लेकाचं तोंड दोन्ही हातांत धरलं, जळक्या भुवयांवरून अंगठा फिरवला आणि मोठ्यानं रडायला लागली. कोळीवाड्यातली माणसं टेम्पो घेऊन न्यायला आली होती. पण पोरगा टेम्पोत चढेना. "आदी बाईला बघून येतो," म्हणाला. मीही त्याच्याबरोबर रुग्णालयात गेलो. का गेलो ते सांगता येणार नाही, जावंसं वाटलं.

बाईचे हात पट्ट्यांत होते. त्याला पाहताच तिचे डोळे भरून आले. "मी दिसलं तेच सांगितलं रे," ती म्हणाली.

"मला म्हायत हाय, ताई. खरंच सांगितलं तुमी," तो म्हणाला, आणि तिच्या खाटेजवळच्या स्टुलावर बसला.

मी दाराशी उभा राहून ते ऐकलं, आणि पोलीस प्रशिक्षणात जे कुणी शिकवलं नव्हतं ते तिथं शिकलो. ज्या साक्षीनं एक निरपराध माणूस जन्मभरासाठी आत गेला असता, ती साक्ष सोळा आणे खरी होती. आणि ज्या चोरानं साऱ्या वसाहतीचा जीव धोक्यात घातला, त्याच्या मालातही दहावा हिस्सा खरा होता. निव्वळ खोटं पकडायला पोलीस लागत नाही, ते आपोआप उघडं पडतं. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत माझ्यापुढे आलेल्या एकाही जबाबाला मी 'खरं की खोटं' एवढंच विचारून सोडलं नाही. किती खरं, हे तोलल्याशिवाय कुणाच्या हातात बेडी घातली नाही.